भूकंप, भूकंपलहरी आणि त्सुनामी : नाते आणि फरक

२६ डिसेंबर २००४, रविवार. भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी सहा वाजून २८ मिनिटांनी इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाखालचा खडक तुटला. तेथून निघालेल्या पहिल्या भूकंपलहरी सुमारे दोन हजार किलोमीटरचे अंतर कापून चार-साडेचार मिनिटांत चेन्नईखालच्या जमिनीत येऊन पोहोचल्या. पाठोपाठ आलेल्या लहरींचा हादरा शहरातील अनेकांना जाणवलाही. तो थांबल्यावर मात्र जो तो आपापल्या कामाला लागला. मरिना किनाऱ्यावर सुटीच्या सकाळची नेहमीची वर्दळ सुरू झाली. नऊच्या सुमारास समुद्र आत शिरला.

हादरा आणि लाट यांच्यामध्ये अडीच तासांचा अवधी होता. भूकंपाची नोंद जगभरातील यंत्रांवर झालेली होती. पण तिचा अर्थ लावून तो किनाऱ्यावरच्या माणसाला सांगणारी कोणतीही यंत्रणा त्या वेळी हिंदी महासागरात नव्हती. भारतात दहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, पाच हजारांहून अधिक बेपत्ता झाले. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर बळी गेले. हिंदी महासागराभोवतीच्या देशांतील मृतांची एकूण संख्या सव्वादोन लाखांच्या घरात गेली.

त्या दिवसापासून ‘त्सुनामी’ हा शब्द मराठीत घरोघरी पोहोचला. मात्र त्सुनामी म्हणजे ‘समुद्रातला भूकंप’ अशी ढोबळ समजूत अजूनही आढळते. भूकंप, भूकंपलहरी आणि त्सुनामी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. भूकंप ही घटना आहे. भूकंपलहरी हा त्या घटनेचा खडकांतून होणारा प्रवास आहे. आणि त्सुनामी हा तिचा पाण्यावर होणारा, तोही क्वचितच होणारा, परिणाम आहे. तिन्हींचे वेग वेगळे आहेत. या वेगांतील तफावतीमुळेच भूकंपाचे भाकीत करता येत नसतानाही त्सुनामीचा इशारा देणे शक्य होते.

भूकंप : खडकाचे तुटणे

पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. ते लहान-मोठ्या भूपट्टांचे बनलेले असून हे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने सरकत असतात. जिथे दोन भूपट्ट एकमेकांना भिडतात तिथे घर्षणामुळे ते अडकून बसतात. मागून येणारा रेटा मात्र थांबत नाही. दशकानुदशके, काही ठिकाणी शतकानुशतके, खडकात ताण साठत जातो. एका मर्यादेनंतर खडकाला तो सोसवत नाही आणि अडकलेला भाग काही सेकंदांत किंवा मिनिटांत सरकतो. हे अकस्मात सरकणे म्हणजे भूकंप. ज्या भेगेवर ही हालचाल होते तिला प्रस्तरभंग म्हणतात. खडक जिथे प्रथम तुटतो तो खोलवरचा बिंदू म्हणजे भूकंपनाभी, आणि त्याच्या बरोबर वर भूपृष्ठावर येणारे ठिकाण म्हणजे अपिकेंद्र. वृत्तपत्रांत ‘केंद्रबिंदू’ म्हणून उल्लेख होतो तो बहुधा या अपिकेंद्राचा.

मोठ्या भूकंपात हालचाल एका बिंदूपुरती राहत नाही. २००४ मध्ये सुमात्राजवळ सुरू झालेली फाट उत्तरेकडे धावत निकोबार-अंदमानपर्यंत गेली. तिची लांबी १२०० किलोमीटरहून अधिक भरली आणि ती पूर्ण व्हायला आठ ते दहा मिनिटे लागली. भारतीय भूपट्ट येथे पूर्वेकडील भूपट्टाखाली घुसतो. खाली ओढला जाऊन वाकलेला वरचा भूपट्ट त्या सकाळी उसळून वर आला आणि त्याच्यासोबत समुद्रतळही काही मीटर उचलला गेला.

सर्वच भूकंप भूपट्टांच्या सीमेवर होतात असे नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेला कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेला किल्लारीचा भूकंप हे दोन्ही भारतीय भूपट्टाच्या अंतर्भागात, जमिनीवर झाले. दोन्हींनी मोठी मनुष्यहानी केली. परंतु समुद्राशी त्यांचा संबंध नसल्याने त्सुनामीचा प्रश्नच उद्भवला नाही.

भूकंपलहरी : खडकांतून धावणारी ऊर्जा

खडक तुटताना मुक्त होणाऱ्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने आणि खडक चिरडण्यात खर्च होतो. उरलेला भाग लहरींच्या रूपाने सर्व दिशांना पसरतो. या भूकंपलहरी होत. जमीन हलते ती या लहरी खालून जात असल्यामुळे. अपिकेंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माणसाला ‘भूकंप झाला’ असे वाटते तेव्हा त्याच्या पायाखाली खडक तुटलेला नसतो. दूर तुटलेल्या खडकाच्या लहरी तिथवर आलेल्या असतात. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाने मुंबईतील उंच इमारती हलल्या, त्या याच कारणाने.

या लहरींचे मुख्य प्रकार तीन. सर्वांत आधी येतात त्या प्राथमिक लहरी. हवेतून जाणाऱ्या ध्वनीप्रमाणे त्या खडकाला आळीपाळीने दाबत आणि सैल करत पुढे जातात. भूकवचात त्यांचा वेग सेकंदाला पाच ते आठ किलोमीटर असतो, तर खोलवरच्या प्रावरणात तो तेरा किलोमीटरच्या पुढे जातो. घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही माध्यमांतून त्या जाऊ शकतात. त्यांच्यामागून दुय्यम लहरी येतात. प्रवासाच्या दिशेला काटकोनात खडक हलवत जाणाऱ्या या लहरींचा वेग प्राथमिक लहरींच्या साधारण साठ टक्के असतो आणि त्या द्रवातून जाऊ शकत नाहीत. शेवटी येतात भूपृष्ठलहरी. त्या पृथ्वीच्या पृष्ठभागालगतच पसरतात, सर्वांत मंद असतात. पण दूर अंतरावर जमिनीचे सर्वाधिक हेलकावे त्यांच्यामुळेच होतात.

या तीन लहरी भूकंपमापकाच्या आलेखावर वेगवेगळ्या ओळखण्याच्या इतिहासात भारताला स्थान आहे. १२ जून १८९७ रोजी आसाम-शिलाँग परिसरात झालेल्या महाभूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी केला. हजारो किलोमीटर दूर युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या त्या भूकंपाच्या आलेखांत तीन वेगवेगळ्या लहरींचे आगमन त्यांना दिसले. पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींच्याच आधारे पृथ्वीला स्वतंत्र गाभा असल्याचा पुरावा त्यांनी मांडला. दुय्यम लहरी बाह्य गाभ्यातून पार होत नाहीत यावरून तो द्रवरूप असल्याचे नंतर निश्चित झाले. पृथ्वीच्या अंतरंगाविषयी आजचे बहुतांश ज्ञान या लहरींनीच दिलेले आहे.

प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनातील अंतर हे भूकंप किती दूर झाला हे मोजण्याचे साधन आहे. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून वीज किती लांब पडली याचा अंदाज बांधतात, त्यातलाच हा प्रकार. दोन्ही लहरींत जितक्या सेकंदांचे अंतर, त्याला साधारण आठने गुणले की जवळच्या भूकंपाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. अंतर ३० सेकंदांचे असेल तर भूकंप सुमारे २४० किलोमीटरवर झाला असे समजावे. अशी किमान तीन ठिकाणांची अंतरे हाती आली की नकाशावर अपिकेंद्र निश्चित करता येते.

रिश्टरचा आकडा काय सांगतो?

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडलेली मोजपट्टी कॅलिफोर्नियातील स्थानिक भूकंपांसाठी होती. मोठ्या भूकंपांसाठी आता प्रस्तरभंगाचे क्षेत्रफळ, त्यावरील सरकण्याचे अंतर आणि खडकाचा ताठरपणा यांवर आधारित ‘आघूर्ण परिमाण’ वापरतात. बोलण्यात मात्र रिश्टरचे नाव टिकून आहे. या मोजपट्टीवर एका अंकाच्या वाढीसोबत मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, दोन अंकांच्या वाढीसोबत हजार पट.

किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण ६.२, तर २००४ च्या भूकंपाचे ९.१. म्हणजे सुमात्राजवळ मुक्त झालेली ऊर्जा किल्लारीपेक्षा वीस हजार पटींहून अधिक होती. तरीही किल्लारीत हजारो माणसे गेली, कारण भूकंपनाभी उथळ होती, वेळ पहाटेची होती आणि घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची होती. परिमाण भूकंपाचा आकार सांगते. विशिष्ट गावाला बसलेल्या हादऱ्याची तीव्रता ही निराळी बाब आहे. एका भूकंपाचे परिमाण एकच असते, तीव्रता मात्र ठिकाणागणिक बदलते. त्सुनामीची उंची या दोन्हींपासून वेगळी मोजावी लागते.

त्सुनामी : तळापासून हललेला समुद्र

‘त्सुनामी’ हा जपानी शब्द आहे. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. खोल समुद्रात मासेमारी करून परतणाऱ्या कोळ्यांना वाटेत काहीही जाणवलेले नसे. बंदर मात्र उद्ध्वस्त झालेले दिसे. त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. इंग्रजीत या लाटांना पूर्वी भरतीच्या लाटा म्हणत. पण चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने येणाऱ्या भरती-ओहोटीशी त्यांच्या निर्मितीचा संबंध नाही.

समुद्रतळ अकस्मात वर उचलला किंवा खाली खचला की त्याच्यावरील पाण्याचा संपूर्ण स्तंभ, म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंतचे काही किलोमीटर उंचीचे पाणी, त्याच्याबरोबर हलतो. समुद्राच्या पृष्ठभागाला उंचवटा किंवा खळगा पडतो आणि गुरुत्वाकर्षण पाण्याला पुन्हा समपातळीवर आणू लागते. त्या प्रयत्नात लाटांची मालिका चारही बाजूंना निघते. ही त्सुनामी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्सुनामी भूकंपलहरींमुळे निर्माण होत नाही. भूकंपलहरींनी समुद्रतळ थरथरतो, जवळची जहाजे हादरतात. पण त्या थरथरीने महासागराचे पाणी विस्थापित होत नाही. त्यासाठी तळाची कायमची हालचाल व्हावी लागते. भूकंपलहरी आणि त्सुनामी ही एकाच घटनेची, पण परस्परांपासून स्वतंत्र अशी दोन अपत्ये आहेत.

वाऱ्याने उठणाऱ्या नेहमीच्या लाटा वरच्या थरापुरत्या असतात. त्यांच्या दोन माथ्यांत काही दशक किंवा शेकडा मीटरचे अंतर असते आणि एकामागून एक लाट काही सेकंदांनी येते. त्सुनामीच्या दोन माथ्यांमधील अंतर शंभर किलोमीटरहून अधिक असू शकते आणि दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासापर्यंतचा काळ जातो. त्यामुळेच ती किनाऱ्यावर आदळून मागे फिरत नाही. पाणी कित्येक मिनिटे आत येतच राहते.

तिचा वेग समुद्राच्या खोलीवर ठरतो. खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे त्सुनामीचा वेग. चार हजार मीटर खोल समुद्रात तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर भरतो, म्हणजे प्रवासी जेट विमानाच्या जवळपास. पाणी ५० मीटर खोल उरते तेव्हा तो ताशी ८० किलोमीटरवर येतो आणि दहा मीटर खोलीला ३५ किलोमीटरवर. वेग घटतो, मागचे पाणी पुढच्या पाण्यावर चढते आणि लाटेची उंची वाढत जाते. २००४ च्या त्सुनामीनंतर दोन तासांनी ‘जेसन-१’ हा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून गेला, तेव्हा खुल्या समुद्रात लाटेची उंची सुमारे ६० सेंटिमीटर असल्याचे त्याने नोंदले. त्याच लाटेचे पाणी सुमात्राच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ३० मीटरपर्यंत चढले होते.

प्रत्येक सागरी भूकंपाने त्सुनामी का येत नाही?

त्सुनामीसाठी तीन अटी जुळाव्या लागतात. भूकंप समुद्राखाली किंवा किनाऱ्याला लागून व्हावा लागतो; तो उथळ आणि मोठा, साधारण ६.५ हून अधिक परिमाणाचा असावा लागतो, विध्वंसक त्सुनामीसाठी तर बहुधा ७.५ च्या पुढचा; आणि समुद्रतळ उभ्या दिशेने हलावा लागतो.

या अटींपैकी एक जरी चुकली तरी काय होते, याची उदाहरणे आहेत. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्याच पश्चिमेला ८.६ परिमाणाचा भूकंप झाला. त्याचे हादरे भारतातही जाणवले, किनाऱ्यांवर धावपळ झाली, इशारे दिले गेले. परंतु या भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांना घासत आडवे सरकले होते. तळ फारसा उचलला गेला नाही. त्सुनामी किरकोळ ठरली आणि इशारे मागे घेण्यात आले. २४ मे २०१३ रोजी रशियाच्या पूर्वेकडील ओखोट्स्क समुद्राखाली ८.३ परिमाणाचा भूकंप झाला. त्याच्या लहरी मॉस्कोपर्यंत जाणवल्या. पण भूकंपनाभी सुमारे ६०० किलोमीटर खोल असल्याने वरचे पाणी हलले नाही.

उलट भूकंपाचा हात नसतानाही त्सुनामी येऊ शकते. समुद्रात कोसळणारी दरड, ज्वालामुखीचा उद्रेक किंवा त्याच्या उताराचे ढासळणे यांनीही पाणी विस्थापित होते. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकाने उठलेल्या त्सुनामीत बहुतांश बळी गेले. मृतांची एकूण संख्या ३६ हजारांवर होती. त्याच जागी उभा राहिलेला ‘अनक क्राकाटाऊ’ २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री एका बाजूने समुद्रात ढासळला. मोठा भूकंप झालेला नव्हता, त्यामुळे भूकंपावर विसंबलेली इशारा यंत्रणा गप्प राहिली आणि सुंदा सामुद्रधुनीच्या किनाऱ्यांवर चारशेहून अधिक माणसे दगावली. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळील सागरी ज्वालामुखीच्या स्फोटानेही प्रशांत महासागरभर त्सुनामी पसरली.

वेगांतील तफावत आणि इशारा

भूकंप नेमका कधी, कुठे आणि किती मोठा होईल हे आज जगातील कोणतीही संस्था सांगू शकत नाही. तो झाल्यावर मात्र निसर्गच एक संधी देतो. प्राथमिक लहरींचा वेग त्सुनामीच्या तीस-चाळीस पट असतो. त्यामुळे लाट वाटेत असतानाच तिच्या उगमाची माहिती यंत्रांच्या हाती येते.

या माहितीचा उपयोग दोन पातळ्यांवर होतो. पहिला उपयोग खुद्द भूकंपासाठी. जपानमध्ये कमी विध्वंसक प्राथमिक लहर टिपताच विनाशक लहरी पोहोचण्याआधी सूचना दिली जाते. हा अवधी काही सेकंदांचाच असतो. तरी ११ मार्च २०११ च्या भूकंपात तेवढ्याने बुलेट ट्रेनचे ब्रेक लागले आणि प्रवासी असलेली एकही गाडी रुळांवरून घसरली नाही. दुसरा उपयोग त्सुनामीसाठी. येथे अवधी मिनिटांचा किंवा तासांचा असतो. १९६० मध्ये चिलीतील ९.५ परिमाणाच्या भूकंपाची त्सुनामी हवाईला पोहोचायला सुमारे १५ तास आणि जपानला पोहोचायला सुमारे २२ तास लागले होते.

अडचण असते ती परिमाण लवकर आणि अचूक ठरवण्याची. महाभूकंपाचा खरा आकार दीर्घ आवर्तनाच्या, संथ हेलकाव्यांच्या लहरींत दडलेला असतो आणि त्या वाचायला वेळ लागतो. २००४ मध्ये हवाईतील प्रशांत महासागर त्सुनामी इशारा केंद्राने पंधरा मिनिटांत पहिले निवेदन काढले, त्यात परिमाण ८.० होते. तासाभराने ते ८.५ केले गेले. खरा आकार स्पष्ट झाला तोवर लाट भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर येऊन गेली होती. २०११ मध्ये जपानने तीन मिनिटांत इशारा दिला. पण सुरुवातीचा अंदाज ७.९ इतकाच होता. त्यानुसार मियागी प्रांतासाठी सहा मीटर, तर इवाते आणि फुकुशिमासाठी तीन मीटर लाटेची सूचना गेली. प्रत्यक्ष परिमाण ९.० निघाले आणि अनेक ठिकाणी लाट दहा मीटरच्या वर गेली. अठरा हजारांहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले.

म्हणून केवळ भूकंपलहरींवर न थांबता पाण्याची प्रत्यक्ष तपासणी केली जाते. समुद्रतळावर ठेवलेले दाबमापक वरून जाणाऱ्या पाण्याच्या वजनातील सूक्ष्म फरक टिपतात आणि तरंगत्या बोयामार्फत उपग्रहाला कळवतात. त्यातून उठलेली लाट खरी आहे की नाही, हे काही मिनिटांत समजते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, म्हणजेच ‘इन्कॉइस’मध्ये, २००७ पासून भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. भूकंपमापक, तळावरील दाबमापक आणि किनाऱ्यावरील भरतीमापक या तिन्हींची माहिती तेथे अहोरात्र तपासली जाते. सुमात्रा-अंदमान आणि मकरान या दोन क्षेत्रांवर त्याचे विशेष लक्ष असते. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या केंद्रांसोबत ते हिंदी महासागरातील इतर देशांनाही माहिती पुरवते. जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पाजवळ ८.८ परिमाणाचा भूकंप झाला तेव्हा जपानपासून हवाईपर्यंत लाखो लोकांना लाट येण्यापूर्वीच सुरक्षित जागी हलण्यास सांगता आले, ते अशाच यंत्रणांमुळे.

मुंबईने पाहिलेली त्सुनामी

त्सुनामी हा केवळ पूर्व किनाऱ्याचा विषय आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातील मकरान किनाऱ्याजवळ सुमारे ८.१ परिमाणाचा भूकंप झाला. पसनी आणि ओरमारा या बंदरांची मोठी हानी झाली. लाट कच्छपर्यंत आणि पुढे मुंबईपर्यंत आली. सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी चढले आणि सुमारे पंधरा जण बुडाल्याच्या नोंदी आहेत.

मकरानहून मुंबई साधारण बाराशे किलोमीटर. भूकंपलहरींना हे अंतर कापायला तीन मिनिटेही लागत नाहीत. त्सुनामीला मात्र जवळपास पाच तास लागले. कारण मुंबईसमोरील समुद्र सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ आहे. खोल अरबी समुद्र लाटेने दीड-दोन तासांत ओलांडला. उथळ मंचावर तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास घसरला आणि उरलेला वेळ तिथेच गेला. आज एवढा अवधी म्हणजे किनारा रिकामा करण्यासाठी पुरेसा काळ. १९४५ मध्ये मुंबईला त्याची कल्पना देणारे कोणी नव्हते.

किनाऱ्यावर असताना

केंद्र जवळ असेल तर यंत्रणेच्या इशाऱ्याची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. २८ सप्टेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील पालू शहरात हादऱ्यानंतर काही मिनिटांतच पाणी शिरले. अशा वेळी भूकंपाचा हादरा हाच इशारा समजावा लागतो. सुमात्राजवळच्या सिमेलू बेटावरील लोकांनी २००४ मध्ये तेच केले. १९०७ च्या त्सुनामीत तेथे मोठी जीवितहानी झाली होती आणि तिची आठवण ‘स्मोंग’ या नावाने आजी-आजोबांच्या गोष्टींतून पुढच्या पिढ्यांकडे आली होती : जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळायचे. अपिकेंद्राला अगदी जवळ असलेल्या या बेटाच्या सुमारे ७८ हजार लोकवस्तीपैकी केवळ सात जण दगावले.

समुद्र मागे हटणे ही खूण मात्र सर्वत्र मिळेलच असे नाही. २००४ मध्ये थायलंडच्या बाजूला समुद्रतळ खचला होता, म्हणून तिथे पाणी आधी ओसरले. फुकेतच्या एका किनाऱ्यावर सुटीसाठी आलेल्या दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीला शाळेत नुकताच शिकलेला भूगोलाचा धडा आठवला आणि तिच्या सांगण्यावरून तो किनारा वेळीच रिकामा झाला. भारताच्या बाजूला मात्र समुद्रतळ उचलला गेल्याने पाणी आधी चढलेच.

अंदमान-निकोबारसारख्या भागात म्हणून नियम साधा आहे. उभे राहणे कठीण व्हावे इतका जोराचा, किंवा वीस-तीस सेकंदांहून अधिक काळ टिकणारा हादरा जाणवला, तर लगेच उंच जागी किंवा किनाऱ्यापासून दूर जावे. ते शक्य नसल्यास भक्कम काँक्रीट इमारतीच्या वरच्या मजल्यावर जावे. खाडी आणि नदीच्या मुखापासून दूर राहावे, कारण पाणी त्यांतून बरेच आत येते. पहिली लाट ओसरली म्हणून परतू नये. नंतरची लाट अधिक मोठी असू शकते आणि हा क्रम अनेक तास चालतो. खोल समुद्रात असलेल्या नौकांनी किनाऱ्याकडे येऊ नये.

मुंबई आणि कोकणची स्थिती वेगळी आहे. मकरानला होणाऱ्या भूकंपाचा हादरा येथे कदाचित कोणालाच जाणवणार नाही. पायाखालची जमीन काही सांगणार नसल्याने येथे सर्व भिस्त यंत्रांवर आणि त्यांचा निरोप कोळीवाड्यांपर्यंत, चौपाट्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या स्थानिक प्रशासनावर राहते. हाती तीन-चार तास असतील. २००४ मध्ये चेन्नईला मिळालेल्या अवधीपेक्षा ते अधिक आहेत. त्यांचा उपयोग होतो की नाही, हे निरोप वेळेत पोहोचतो की नाही यावर अवलंबून राहील.